दिवसा घरात कोण? जनता वसाहतीतल्या एका पहिलटकरणीचं प्रकरण

हे प्रकरण रचलेलं आहे. पुण्याच्या वस्त्यांमध्ये बाळंतिणींच्या घरी ज्या अडचणी वारंवार दिसतात, त्या इथे एका घरात आणल्या आहेत. म्हणून कुणाचं नाव नाही, आणि तारखांऐवजी बाळाचं वय दिलं आहे. योजनांचे नियम, रकमा आणि मुदती मात्र खऱ्या आहेत.

घर

पर्वतीच्या उतारावर दहा बाय बाराची खोली, वर पत्रा, खालच्या रस्त्यापासून बऱ्याच पायऱ्या. मुलगी २२ वर्षांची, माहेर धाराशिव जिल्ह्यात. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण आई हयात नाही आणि वडील, भाऊ, भावजय ऊसतोडीला गेलेले. नवरा सेंट्रिंगच्या कामावर, मजूर अड्ड्यावरून काम मिळालं तर दिवसाला ८५० रुपये. सासूबाई सहकारनगरमध्ये चार घरची धुणीभांडी करतात, चारही घरांचे मिळून महिन्याला ९,६०० रुपये.

सरकारी दवाखान्यात सिझेरियन झालं. मुलगी, २,२०० ग्रॅम. सातव्या दिवशी सुट्टी मिळाली. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात (२०११ पासून) घरी सोडायलाही १०२ ची गाडी मोफत असते, पण ती मागायची असते हे या कुटुंबाला कुणी सांगितलं नव्हतं. रिक्षाने पायथ्यापर्यंत, आणि पुढे पोटाला टाके असताना पायऱ्या चढून घर. सासूबाईंनी दोन दिवस रजा काढली आणि नवव्या दिवशी कामावर गेल्या. तेव्हापासून सकाळी साडेसात ते दुपारी तीन बाळ आणि बाळंतीण दोघीच.

दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताईने, म्हणजे वस्तीतल्या आशा आरोग्य स्वयंसेविकेने, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायचं असतं. पण गरोदरपणाची नोंद गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात झाली होती. वस्तीतल्या आशाताईच्या यादीत ही बाई नव्हतीच. अकराव्या दिवशी शेजारणीने सांगितलं, तेव्हा ती वर चढून आली. वस्तीत काम करणाऱ्या आमच्या संस्थेच्या कार्यकर्तीला फोन तिनेच केला.

अकरावा दिवस

ओट्यावर दुधाची बाटली होती, शेजारी पावडरचा चारशे ग्रॅमचा डबा. बाटलीतलं दूध इतकं पातळ की काचेतून मागची भिंत दिसावी. विचारल्यावर कळलं, शंभर मिली पाण्यात एक चमचा. डब्यावरच्या सूचनेप्रमाणे साधारण तीस मिलीला एक सपाट चमचा हवा. डबा महिनाभर पुरवायचा म्हणून चमचे कमी केले होते. पोट पाण्याने भरायचं, बाळ झोपून जायचं, आणि ‘शांत आहे’ म्हणून सगळ्यांना बरं वाटायचं.

झबलं, टोपडं, दुपटं काढून वजन केलं: २,०२० ग्रॅम. (कपड्यांसकट केलेल्या वजनाचा उपयोग नाही. हिवाळ्यात कपडेच शंभर-दीडशे ग्रॅम भरतात.) जन्माच्या वजनापेक्षा १८० ग्रॅम कमी. पहिल्या आठवड्यात थोडं वजन उतरणं स्वाभाविक असतं, पण अकराव्या दिवशी ते परत चढायला लागलेलं असावं. दिवसातून लंगोट ओले होत होते चार, हवेत सहा तरी. छातीला घेणं पाच-सहा वेळा, हवं आठ ते बारा वेळा.

इथे समाजकार्य करणाऱ्यांची एक ठरलेली चूक होते: फॉर्म काढले जातात. आधार आहे का, रेशनकार्ड कुणाच्या नावावर, खातं कुठलं. या घरी ते सगळं पुढे करायचंच होतं, पण त्या दिवशी बाळाला डॉक्टरकडे नेणं एवढंच काम होतं. अंग गार पडणं किंवा ताप, दूध न ओढणं, मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं, झटके यातलं एक जरी असतं तर वाट न बघता १०८. यातलं काही नव्हतं, म्हणून रिक्षाने त्याच दुपारी बालरोग ओपीडी. जंतुसंसर्ग नाही, कावीळ मर्यादेत, बाळ फक्त उपाशी.

दूध

सिझेरियननंतर पहिले दोन दिवस बाळाला वरचं दूध दिलं गेलं होतं. कमी वजनाचं बाळ झोपाळू असतं, त्यात बाटलीची सवय लागली की छाती ओढायचा कंटाळा करतं. बाळ ओढत नाही म्हणून दूध बनत नाही, दूध बनत नाही म्हणून बाटली. ‘हिला दूधच नाही’ हा निष्कर्ष बहुतेक वेळा या चक्राच्या शेवटी निघतो. बाईच्या अंगात काही कमी असतं असं क्वचितच.

डॉक्टरांनी सांगितलेलं घरी बसवून देण्याचं काम आशाताईचं आणि कार्यकर्तीचं. दर दोन-अडीच तासांनी बाळाला उठवायचं, तळपायाला गुदगुल्या करून, दुपटं काढून. टाके दुखतात म्हणून मांडीवर घेऊन बसणं टाळून कुशीवर झोपून पाजायचं, किंवा बाळाचे पाय आईच्या काखेखालून मागे जातील असं धरायचं. तोंडात नुसतं बोंड नको, भोवतालचा काळा भागही जायला हवा. पाजून झाल्यावर हाताने दूध काढायचं आणि ते वाटी-चमच्याने द्यायचं. सासूबाईंच्या पेटीत नवऱ्याच्या लहानपणचं बोंडलं, म्हणजे दूध पाजायची चोचीची वाटी, निघालं. चोचीत चिकटलेलं स्वच्छ करायला त्रास होतो, म्हणून दर वेळी उकळायचं या अटीवर ते वापरात आलं. बाटली बंद. पावडर एकदम तोडली नाही. बरोबर प्रमाणात पाच दिवस दिली आणि वजन चढायला लागल्यावर एकेक वेळ कमी केली. वजन उतरलेल्या बाळाची पावडर तत्त्वासाठी एका दिवसात बंद करणं धोक्याचं आहे. असं करणारे उत्साही लोक भेटतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

उघड्या छातीवर बाळ ठेवायचं, वरून शाल. हे नवऱ्यालाही शिकवलं. संध्याकाळी सिमेंट धुऊन तो शर्टाच्या आत लेकीला घेऊन तासभर बसायचा, आणि तेवढा तास बाळंतिणीला झोप मिळायची.

चौदाव्या दिवशी २,०८५. एकविसाव्या दिवशी २,२७५, म्हणजे दिवसाला सरासरी २७ ग्रॅम. वीस ते तीस असलं की समाधान मानावं. बेचाळिसाव्या दिवशी २,९००.

सासूबाईंच्या पद्धतींपैकी किती मोडायच्या, हा प्रश्न प्रत्येक घरी येतो. इथे अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, हलक्या हाताने मालिश राहिलं. शेगडी आणि धुरी गेली, कारण पत्र्याच्या बंद खोलीत तो धूर बाळाच्या छातीत जातो. गुटी सहा महिने पुढे ढकलली आणि त्यातला मध वर्षभर. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, हे मात्र लगेच थांबवलं. सरसकट सगळ्याला नाही म्हटलं असतं तर सासूबाईंचा घरातला मानच गेला असता, आणि पुढचे सगळे निर्णय त्यांच्याशिवाय होणार नव्हते.

मन

सुरुवातीचे काही दिवस रडू येणं, चिडचिड होणं बऱ्याच बायकांना होतं आणि दोन आठवड्यांत निवळतं. ही मुलगी रडत नव्हती. विचारलेल्याचं उत्तर द्यायची आणि गप्प व्हायची. बाळ झोपलं तरी तिला झोप नाही. पंधराव्या दिवशी कार्यकर्ती मुद्दाम अकरा वाजता गेली, सासूबाई कामावर असताना. बाळंतिणीची उदासी ओळखायच्या एडिंबरा प्रश्नावलीचे दहा प्रश्न मागच्या सात दिवसांबद्दल विचारतात, एकूण गुण ३०. कागद हातात न देता वाचून विचारले. १४ गुण आले, म्हणजे पुढे पाठवण्याइतके. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. तो गाळू नये, आणि घाईने ‘असं काही नाही ना?’ असाही विचारू नये. त्याचं उत्तर होतं, ‘कधीच नाही’. तिथे शून्याच्या वर काहीही आलं असतं तर एकूण गुण न बघता त्याच दिवशी डॉक्टर, आणि तोवर तिला एकटं सोडायचं नाही.

प्रश्नावली निदान करत नाही, कुणाला पुढे पाठवायचं ते सांगते. मानसोपचार ओपीडीत समुपदेशन सुरू झालं, औषध लागलं नाही. पायऱ्या उतरणं शक्य नसेल त्या दिवसांसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवला. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. रात्री नऊ ते एक सलग झोप ठरवली. त्या वेळात बाळ सासूबाईंकडे, आधीच काढून ठेवलेलं दूध बोंडल्याने.

त्याच एकांतात मारहाण, जेवण तोडणं, मुलगी झाल्यावरून टोमणे हेही विचारून घेतलं. या घरात तसं नव्हतं. असतं, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाण्याचा आणि १८१ या महिला हेल्पलाइनचा रस्ता तिच्या संमतीने उघडायचा होता. वकिलाची फी लागत नाही: विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत मदत मिळते.

हात

आतापर्यंत सांगितलेलं सगळं, दर दोन तासांनी पाजणं, दूध काढणं, बोंडलं उकळणं, ताजं जेवण, चार तास झोप, एकटी बाई करू शकत नाही. टाके असलेली तर नाहीच. बाळंतपणाच्या सरकारी योजना पैसे, सेवा किंवा आहार देतात, आणि पैसे काही महिन्यांनी येतात. पहिल्या सहा आठवड्यांत लागतं ते घरात दुसरं माणूस. आमच्या मते या प्रकरणाची किल्ली इथे होती, आणि ती सासूबाईंच्या हातात होती.

सासूबाईंवर ‘सून एकटी टाकून जातात’ असा शेजाऱ्यांचा आक्षेप होता. सोळाव्या दिवशी संध्याकाळी चौघं बसले तेव्हा त्यांनी भाकरी थापता थापताच हिशेब मांडला. “महिन्याला दोन खाडे चालत्यात. तिसऱ्याला पैसे कापत्यात. आन् आठवडा गेले न्हाई की बदलीवाली बाई कायमची होती बगा, ताई.” घरकामगाराला आजेपणाची रजा कुठल्याच कायद्यात नाही. त्यांचं जाणं हा निष्काळजीपणा नव्हता. नवऱ्याला त्या महिन्यात जेमतेम पंधरा दिवस काम मिळालं होतं, आणि खोलीचं भाडं त्या ९,६०० मधूनच जात होतं.

मग वेळेचा कागद काढला. बेत असा ठरला: सासूबाईंची दोन घरं सकाळी सात ते साडेनऊ, दोन संध्याकाळी पाचनंतर. नवरा अड्ड्यावर आठला निघायचा, म्हणजे सकाळी मोकळा राहिला फक्त दीड तास. तो शेजारच्या मावशींनी घेतला, बदल्यात त्यांच्या शाळकरी नातवाला दुपारी सासूबाई जेवू घालतील. नवरा संध्याकाळी साडेपाचपर्यंत परत यायचा. गुरुवारी पाणी बंद असण्याची शक्यता, म्हणून बाळाचे कपडे बुधवारी रात्रीच धुवायचे, हेही त्या कागदावर आलं. असल्या बारीक गोष्टी लिहून ठेवल्या नाहीत की पहिल्याच आठवड्यात बेत कोसळतो.

चार घरांना संस्थेच्या कागदावर सहा ओळींचं पत्र गेलं. देणगी मागितली नाही, दयाही नाही. ‘सहा आठवड्यांसाठी कामाची वेळ बदलून मिळावी, पगार आणि काम तेच’, एवढंच. पत्र सासूबाईंनी स्वतः दिलं, कार्यकर्ती बरोबर गेली नाही. बाहेरचं माणूस दारात उभं राहिलं की मालकिणीला आपल्यावर तक्रार आल्यासारखं वाटतं. तिघींनी होकार दिला. एकीने दुसरी बाई लावली: महिन्याला २,२०० रुपये गेले. संस्थेच्या तातडीच्या निधीतून ती रक्कम दोन महिने भरली, मदत म्हणून नाही तर बुडालेला पगार म्हणून, आणि तसंच नोंदवलं. या खर्चाला निधी देणारे नाक मुरडतात. डब्यातल्या पावडरीला पैसे मिळतात, आजीच्या पगाराला मिळत नाहीत.

कागद

कागदांत एकच काम तातडीचं होतं. दवाखान्याच्या फॉर्मवर आईचं नाव सासरचं लिहिलं गेलं होतं, लग्नात बदललेलं. आधारवर मात्र माहेरचं नाव. दवाखान्याने जन्माची माहिती निबंधकाला २१ दिवसांत कळवायची असते, आणि ती जाण्याआधी रेकॉर्ड विभागात दुरुस्ती अर्ज दिला तर काम सोपं असतं. नोंद झाल्यावर तेच करायला प्रतिज्ञापत्र, पुरावे आणि बऱ्याच फेऱ्या लागतात. बाराव्या दिवशी नवरा आधारची प्रत आणि अर्ज घेऊन गेला. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळा प्रवेशापासून बऱ्याच ठिकाणी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. बाळाचं नाव ठरलेलं नसलं तरी नोंद थांबवायची नाही. नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं. बारसं व्हायचं आहे म्हणून थांबलेली घरं पुष्कळ.

मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० रुपये: वेळेत नोंदणी आणि एका तपासणीनंतर ३,०००, आणि जन्मनोंद व चौदा आठवड्यांपर्यंतच्या लसी झाल्यावर २,०००. पहिली तपासणी गावी पाचव्या महिन्यात झाली होती, ती माता-बाल संरक्षण कार्डावर होती. ‘नोंद गावची, अर्ज गावीच करा’ हे उत्तर तोंडी मिळालं. भांडून उपयोग होत नाही. एक पानाचा अर्ज दोन प्रतींत, कार्डाची झेरॉक्स, आणि ‘अर्ज नाकारत असल्यास कारण लेखी द्यावे’ ही ओळ. दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्यायचा. लेखी नकार द्यायची वेळ आली की नियम परत वाचला जातो, आणि अर्ज घेतला गेला. ज्या सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली अधिसूचित आहेत, त्यांना उशीर झाला किंवा नकार मिळाला तर अपीलही करता येतं. पोच नसेल तर मात्र काहीच करता येत नाही.

पैसे थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात. फॉर्मवर कुठलं खातं लिहिलं याला अर्थ नाही, आधार शेवटचं ज्या खात्याला जोडलं तिथे रक्कम जाते. या मुलीचं ते खातं गावच्या बँकेत, व्यवहार नसल्याने बंद पडलेलं. पोस्ट पेमेंट्स बँकेत नवीन खातं काढून आधार तिथे वळवलं, अंगठ्याचं यंत्र घेऊन पोस्टमन घरी आले.

अंगणवाडीतून स्तनदा मातेला सहा महिने घरपोच आहार मिळतो. त्यासाठी आता चेहऱ्याची पडताळणी लागते आणि ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवर जातो. तो मोबाईल नवऱ्याच्या खिशात, नवरा बाणेरच्या साईटवर, आणि अंगणवाडी एक वाजता बंद. दोन दिवस असे वाया गेले. शेवटी पडताळणी त्याच्या सुट्टीच्या दिवशी ठेवली.

रेशनकार्ड गावचं असलं तरी धान्य पुण्यातल्या दुकानात अंगठा लावून मिळतं. पण सुनेचं नाव अजून वडिलांच्या कार्डावर होतं. तिथून नाव कमी केल्याचा दाखला आल्याशिवाय सासरच्या कार्डावर चढत नाही, आणि तोवर तिचं महिन्याचं पाच किलो धान्य त्या कार्डावर मिळत नाही. हे काम तिच्या चुलत दिरावर सोपवलं, तो गावीच असतो.

मोठी रक्कम वेगळ्याच दारात होती. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ नोंदीत कामगाराच्या पत्नीला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी मदत देतं: नैसर्गिक प्रसूतीला १५,०००, शस्त्रक्रियेला २०,०००. नवऱ्याची नोंदणी होती, पण नूतनीकरण तोंडावर आलेलं, आणि त्यासाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा. ठेकेदार सही द्यायला तयार नसतात. आपल्या अंगावर काही येईल अशी त्यांना भीती. अड्ड्यावरच्या मजुराने तर वर्षात दहा जणांकडे काम केलेलं. तीन ठेकेदारांपैकी एकाने ५२ दिवसांचा दिला, दुसऱ्याने ४१. बेरीज ९३. नूतनीकरण झालं, मदतीचा अर्ज जन्मदाखल्यासह दाखल झाला.

फॉर्म कार्यकर्तीने एकही भरला नाही. नवऱ्याने भरले, तिने तपासले. यात वेळ दुप्पट जातो हे खरं. पण कार्यकर्तीने भरलेल्या फॉर्मचा पाठपुरावाही तिलाच करावा लागतो, आणि तिच्याकडे अशी तीस घरं असतात.

चार महिन्यांनी

सहाव्या आठवड्यात प्रश्नावलीचे गुण ७ आले. त्याच भेटीत टाक्यांची तपासणी, बाळाची पहिली पेंटा लस आणि पुढच्या पाळण्याचं बोलणं झालं. नवऱ्यासमोर, कारण अंतर ठेवायचा निर्णय एकटीचा नसतो. तिने अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन घेतलं, ते दर तीन महिन्यांनी घ्यायचं असतं. दहाव्या आठवड्याच्या लशीच्या वेळी कुटुंब जत्रेला गावी होतं. कार्ड बरोबर दिलं असल्याने लस तिथल्या उपकेंद्रात मिळाली. चौदाव्या आठवड्याची पुण्यात झाली.

३,००० रुपये तिसऱ्या महिन्यात जमा झाले. दुसरा हप्ता प्रलंबित आहे. मंडळाच्या अर्जात ४१ दिवसांच्या दाखल्यावर ठेकेदाराचा नोंदणी क्रमांक नाही म्हणून त्रुटी निघाली. तो आणून पुन्हा दाखल केला आहे. दवाखान्यात असताना बाहेरून आणायला लावलेल्या इंजेक्शनांचं १,८५० रुपयांचं बिल, जे मोफत सेवेत यायला हवं होतं, लेखी तक्रारीसह अधीक्षकांकडे आहे. दोन स्मरणपत्रं गेली, उत्तर नाही. पुढचं पत्र आरोग्य उपसंचालकांना जाईल. सासूबाईंना चौथं घर परत मिळालं नाही. त्याच इमारतीत दुसरं मिळालं, १,८०० रुपयांत, सकाळी साडेनऊ ते साडेदहा, म्हणून वेळेचा कागद परत एकदा लिहावा लागला.